पांढऱ्या पेशी कमी आढळल्यास : सूक्ष्मदर्शकाखालील रक्ततपासणी केव्हा करून घ्यावी?



रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की आपली दृष्टी प्रथम ठळक अक्षरांत छापलेल्या आकड्यांकडे जाते. एखादा आकडा शेजारी दिलेल्या मर्यादेपेक्षा कमी दिसला की घरात काळजी सुरू होते. पांढऱ्या पेशींच्या बाबतीत ही काळजी दोन टोकांना जाताना दिसते. काही कुटुंबे ‘पेशी कमी झाल्या’ एवढ्यावरूनच रक्ताच्या कर्करोगाची धास्ती घेतात; काही कुटुंबे ‘तापात असे होतेच’ म्हणून तो कागद कपाटात ठेवून देतात. या दोन टोकांच्या मधला मार्ग दाखविणारी एक साधी, स्वस्त व जुनी तपासणी उपलब्ध आहे. रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून, प्रशिक्षित व्यक्तीने तो सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, हीच ती तपासणी होय. ती केव्हा आवश्यक असते, केव्हा नसते, आणि केव्हा तिच्या निष्कर्षाचीही वाट न पाहता रुग्णालय गाठावयाचे असते, हे आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

आकडा काय सांगतो

प्रौढ व्यक्तीच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारणतः ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. प्रयोगशाळेप्रमाणे या मर्यादेत थोडा फरक पडतो. म्हणून आपल्या अहवालावर छापलेली मर्यादाच प्रमाण मानावी. काही अहवालांत हाच आकडा हजारांत लिहिलेला असतो. ३.२ असे छापलेले असल्यास त्याचा अर्थ ३,२०० असा होतो. पेशी जवळजवळ संपल्या, असा नव्हे.

पांढऱ्या पेशी एकाच प्रकारच्या नसतात. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल व बेसोफिल असे त्यांचे पाच प्रकार असून प्रत्येकाचे काम वेगळे आहे. जिवाणू व बुरशी यांच्याविरुद्धचा पहिला पहारा न्यूट्रोफिल पेशी देतात. त्यामुळे एकूण संख्या किती, यापेक्षा त्यांत न्यूट्रोफिल किती, हा प्रश्न पुष्कळदा अधिक महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर आपणांस घरीच काढता येते. एकूण पांढऱ्या पेशींच्या संख्येला न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणावे व १०० ने भागावे.

दोन उदाहरणे घेऊ. समजा, दोन रुग्णांच्या अहवालांत पांढऱ्या पेशी ३,२०० आहेत. पहिल्याच्या अहवालात न्यूट्रोफिल ५० टक्के आहेत, म्हणजे प्रत्यक्ष संख्या १,६०० झाली. दुसऱ्याच्या अहवालात ते १२ टक्के आहेत, म्हणजे संख्या अवघी ३८४ झाली. न्यूट्रोफिल १,५०० पेक्षा कमी झाल्यास ती घट मानतात. १,००० पर्यंत ती सौम्य, १,००० ते ५०० यांच्या दरम्यान मध्यम आणि ५०० च्या खाली तीव्र समजली जाते. पहिला रुग्ण बहुधा काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून निश्चिंत होईल. दुसऱ्यास ताप आला तर त्याच्या जिवाला धोका आहे. वरचा आकडा मात्र दोघांचाही एकच होता.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. बाल्यावस्थेतील पहिल्या काही वर्षांत लिम्फोसाइट पेशी न्यूट्रोफिलपेक्षा अधिक असणे हे निसर्गनियमाला धरूनच आहे. मुलाचा अहवाल प्रौढांच्या मर्यादेशी ताडून पाहिल्यास निष्कारण भीती वाटते. मुलाचे वय अहवालावर अचूक लिहिले आहे ना, आणि दिलेली मर्यादा त्या वयाची आहे ना, हे अवश्य पाहावे.

यंत्र काय पाहते व काय पाहू शकत नाही

आज बहुतेक ठिकाणी रक्तपेशींची मोजणी यंत्राने होते. १९५३ साली वॉलेस कूल्टर या अमेरिकी संशोधकास एका पद्धतीचे पेटंट मिळाले. पेशी एका बारीक छिद्रातून जाताना विद्युतप्रवाहाला जो अडथळा होतो, त्यावरून त्या मोजण्याची ही पद्धत आहे. आजची यंत्रे याच तत्त्वाला प्रकाशकिरणांची जोड देतात व अल्पावधीत हजारो पेशी मोजतात. एवढ्या पेशी इतक्या वेगाने मोजणे मनुष्याच्या डोळ्याला शक्य नाही. म्हणून मोजणीसाठी यंत्रच अधिक विश्वसनीय होय.

तथापि यंत्राला आकार व संख्या कळते, पेशीचे रूप पूर्णपणे कळत नाही. अपरिपक्व पेशी, विषाणूंशी लढताना रूप बदललेला लिम्फोसाइट, आणि रक्ताच्या कर्करोगाची पेशी यांत भेद करताना यंत्र अडखळते. अशा वेळी ते स्वतःच ‘संशयास्पद’ अशी सूचना छापते. ही सूचना म्हणजे निदान नव्हे. ‘येथे माणसाने पाहावे’ एवढाच तिचा अर्थ असतो.

काही वेळा आकडाच फसवा असतो. रक्त काढताना नळीत बारीक गुठळी झाली, अथवा रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या रसायनामुळे पेशी एकमेकींना चिकटल्या, तर यंत्र त्या पुंजक्यांतील पेशी मोजू शकत नाही व संख्या प्रत्यक्षाहून कमी दाखविते. पांढऱ्या पेशींत हा प्रकार विरळा, पण प्लेटलेटच्या बाबतीत तो वारंवार आढळतो. काचपट्टीवर असे पुंजके दिसताच खरी गोष्ट उघड होते, आणि रुग्णाची व नातेवाइकांची धावपळ वाचते.

काचपट्टीवरील रक्तलेप म्हणजे काय

आपल्या देशातील घरांना काचपट्टीची ओळख जुनी आहे. ताप आला की आरोग्य कर्मचारी बोटाला सुई टोचून हिवतापासाठी रक्तनमुना घेतात, तो याच काचपट्टीवर. १८९७ सालच्या ऑगस्ट महिन्यात सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात पाहिला, तो सूक्ष्मदर्शकाच्याच साहाय्याने. रक्तलेप रंगविण्यासाठी आजही भारतातील प्रयोगशाळांत जे रंगद्रव्य मोठ्या प्रमाणावर वापरतात, त्याला विल्यम लीशमन या सैन्यातील डॉक्टरांचे नाव आहे. याच लीशमन यांनी व मद्रास येथील चार्ल्स डोनोव्हन यांनी १९०३ साली काळा आजार या रोगाच्या परजीवीचे वर्णन प्रसिद्ध केले.

पद्धत सोपी आहे. रक्ताचा लहानसा थेंब काचपट्टीच्या एका टोकाशी ठेवून दुसऱ्या काचपट्टीच्या कडेने तो पातळ पसरतात. लेप वाळला की रंगवितात. त्यानंतर तंत्रज्ञ अथवा विकृतिशास्त्रज्ञ पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजतात. तांबड्या पेशींचा आकार व प्लेटलेटचे पुंजके पाहतात. रक्तात परजीवी अथवा अपरिपक्व पेशी आहेत काय याचा शोध घेतात. अहवालावर ही तपासणी ‘पेरिफेरल स्मिअर’ किंवा ‘पी. एस.’ या नावाने आढळते.

यासाठी बहुधा दुसऱ्यांदा रक्त द्यावे लागत नाही. मोजणीसाठी दिलेल्या नळीतील थेंब पुरतो. मात्र नळीतील रक्त तासागणिक बिघडत जाते व पेशींचे रूप बदलते. म्हणून लेप त्याच दिवशी, शक्य तर रक्त काढल्यापासून काही तासांतच तयार व्हावा. एकदा योग्य रीतीने तयार झालेली काचपट्टी मात्र टिकते. ती मोठ्या रुग्णालयातील तज्ज्ञांकडे पाठविता येते व दुसरे मत घेता येते. दूरच्या गावातील रुग्णासाठी ही मोठीच सोय आहे.

बहुतेक वेळा कारण साधे असते

भीती कमी व्हावी म्हणून प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे, की पांढऱ्या पेशी कमी होण्याची बहुतेक कारणे तात्पुरती असतात. विषाणुजन्य तापात त्या काही दिवस कमी होतात व ताप ओसरल्यावर आपोआप भरून येतात. डेंग्यूत तर प्लेटलेट उतरण्यापूर्वीच पांढऱ्या पेशी घटू लागतात. आंत्रज्वर म्हणजे टायफॉइड, हिवताप, तसेच काही औषधे यांमुळेही असे घडते. काही निरोगी व्यक्तींची पातळी जन्मतःच मर्यादेच्या किंचित खाली असते व त्यांना कोणताही त्रास होत नाही.

एखाद्या व्यक्तीच्या पेशी ३,५०० ते ४,००० यांच्या दरम्यान आहेत, न्यूट्रोफिल १,५०० च्या वर आहेत, हिमोग्लोबिन व प्लेटलेट ठीक आहेत, नुकताच ताप येऊन गेला आहे व आता प्रकृती बरी आहे, असे असेल तर भिण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेने एकदा लेप पाहून घ्यावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन ते चार आठवड्यांनी मोजणी पुन्हा करावी. संख्या पूर्ववत झाली की विषय संपला.

काचपट्टी अवश्य पाहावी असे प्रसंग

पुढील प्रसंगी मात्र केवळ यंत्राच्या आकड्यावर थांबू नये.

१. पांढऱ्या पेशी प्रथमच ४,००० पेक्षा कमी, अथवा न्यूट्रोफिल प्रथमच १,००० पेक्षा कमी आढळल्यास. प्रयोगशाळेतील रक्ततपासणीविषयीच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या नियमांत हाच निकष आहे. त्यातील ‘प्रथमच’ या शब्दाला महत्त्व आहे. ज्या रुग्णाची घट पूर्वीच ज्ञात आहे, कारण ठाऊक आहे व लेप पाहून झाला आहे, त्याचा लेप प्रत्येक वेळी नव्याने पाहण्याची गरज नसते. यासाठीच जुने अहवाल सोबत नेणे आवश्यक आहे.

२. पांढऱ्या पेशींबरोबर हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट, अथवा दोन्ही, कमी असल्यास. तिन्ही प्रकारच्या पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतील मगजात तयार होतात. तिन्ही एकदम घटल्या तर मूळ उगमापाशीच काही बिघाड झाला असण्याची शक्यता असते.

३. यंत्राने अपरिपक्व अथवा असामान्य पेशींची सूचना दिल्यास. ही सूचना असताना केवळ आकड्यांवर अहवाल हाती देणे योग्य नव्हे.

४. शरीरावर इतर खुणा असल्यास. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा ताप, मान-काख-जांघ येथील वाढलेल्या गाठी, पोटात डाव्या बाजूस लागणारी प्लीहा, मार न लागता उठणारे काळे-निळे डाग, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, कारणाविना वजन घटणे, या त्या खुणा होत.

५. पेशी पुन्हा पुन्हा कमी येत असल्यास, अथवा दर अहवालागणिक उतरत असल्यास.

६. आकडा व रुग्ण यांचा मेळ बसत नसल्यास. काल ठीक असलेली संख्या आज एकदम निम्म्यावर आली आणि रुग्ण तर चालता-बोलता आहे, असे असेल तर नमुन्यातच दोष असू शकतो. लेप पाहावा व नमुना पुन्हा घ्यावा.

७. मूल फिकट दिसत असेल, हातपाय दुखतात म्हणून रात्री रडत असेल, खेळणे सोडून लंगडत असेल, आणि त्यातच पेशी कमी असतील तर. अशा मुलाची काचपट्टी त्याच दिवशी पाहिली जावी.

काचपट्टीवर काय उमगते

तीन प्रकारची उदाहरणे पाहिली म्हणजे या तपासणीचे मोल ध्यानी येईल.

पहिले उदाहरण पोषणाचे. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या व तेथील कापड गिरण्यांतील गरोदर स्त्रियांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील उपयुक्त घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल होय. फॉलिक आम्ल अथवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले तर केवळ हिमोग्लोबिनच नव्हे, पांढऱ्या पेशी व प्लेटलेटही घटतात. तिन्ही आकडे खाली आलेले पाहून कुटुंब कर्करोगाच्या कल्पनेने हादरते. काचपट्टीवर मात्र मोठ्या, अंडाकृती तांबड्या पेशी आणि केंद्रकाचे सहा किंवा अधिक खंड झालेले न्यूट्रोफिल दिसतात. हे चित्र अनुभवी डोळा लगेच ओळखतो. पुढे रक्तातील जीवनसत्त्वांची पातळी तपासून खात्री केली जाते व साध्या, स्वस्त औषधांनी रुग्ण बरा होतो. मांस, मासे, अंडी वर्ज्य करणाऱ्या व दूधही क्वचितच घेणाऱ्या व्यक्तींनी हे विशेष लक्षात ठेवावे. येथे एक इशारा आवश्यक आहे. बी-१२ कमी असताना केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेत राहिल्यास रक्त सुधारल्यासारखे वाटते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. म्हणून तपासणीआधी मनाने गोळ्या सुरू करू नयेत.

दुसरे उदाहरण संसर्गाचे. तापाच्या रुग्णात पांढऱ्या पेशी व प्लेटलेट कमी दिसल्या की डेंग्यूची शंका येते. परंतु हिवतापातही असेच आकडे येऊ शकतात. काचपट्टीवर हिवतापाचा परजीवी प्रत्यक्ष दिसतो व त्याचा प्रकारही कळतो, आणि त्यावरून औषध ठरते. डेंग्यूचे निदान काचपट्टीवर होत नाही. त्यासाठी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एन. एस. १ व त्यानंतर आय. जी. एम. ही तपासणी करावी लागते. विषाणूंशी लढणारे बदललेले लिम्फोसाइट व प्लेटलेटची खरी स्थिती मात्र काचपट्टीवर कळते. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश व पश्चिम बंगाल या राज्यांतील बाधित भागांत राहणाऱ्या किंवा तेथून आलेल्या व्यक्तीस दोन आठवड्यांहून अधिक ताप, वाढलेली प्लीहा व कमी पांढऱ्या पेशी असतील, तर काळ्या आजाराची स्वतंत्र तपासणी करावी. त्याचा परजीवी रक्तलेपावर क्वचितच सापडतो. त्यामुळे लेप निर्दोष आला म्हणून ती टाळू नये.

तिसरे उदाहरण कर्करोगाचे. ल्युकेमिया म्हणजे पांढऱ्या पेशी भरमसाट वाढणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. काही रुग्णांत सुरुवातीस या पेशी कमीच असतात, कारण रोगी पेशी मगजात दाटून बसतात व रक्तात थोड्याच उतरतात. अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या प्रकारात असे विशेषकरून घडते. त्यात रक्त गोठण्याची क्रिया बिघडते व रक्तस्राव, प्रसंगी मेंदूतील रक्तस्राव, पहिल्याच काही दिवसांत घात करू शकतो. याउलट, वेळेवर उपचार मिळाल्यास हाच प्रकार बरा होण्याचे प्रमाण फार मोठे आहे. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनविलेले औषध व आर्सेनिकयुक्त औषध यांनी बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. काचपट्टीवर काड्यांसारखे कण असलेल्या विशिष्ट पेशी दिसून शंका आली की तज्ज्ञ पुढील अहवालाची वाट न पाहता पहिले औषध सुरू करतात. अंगावर निळे डाग आहेत, हिरड्यांतून रक्त येते आहे, पेशी कमी आहेत आणि काचपट्टी कोणीच पाहिलेली नाही, अशा स्थितीत गेलेला एक दिवसही महाग पडतो.

काचपट्टीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे असे प्रसंग

काचपट्टी उपयुक्त खरी. पण काही वेळी तिच्यासाठीही थांबू नये.

ज्यांच्यावर कर्करोगाचे रासायनिक उपचार चालू आहेत, अथवा ज्यांचे न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले आहेत, त्यांना १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा अधिक ताप आल्यास ती तातडीची वेळ समजावी. पहारेकरी पेशीच नसल्यामुळे अशा रुग्णात पू, सूज, खोकला ही नेहमीची लक्षणे दिसतीलच असे नाही. ताप हीच एकमेव खूण असू शकते. घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. थंडी वाजून अंग थरथरणे, श्वास लागणे, गोंधळल्यासारखे बोलणे, लघवी कमी होणे यांपैकी काहीही असल्यास ताप नसतानाही निघावे. रुग्णालयात पोहोचताच ‘पांढऱ्या पेशी कमी आहेत व ताप आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. अशा रुग्णास शिरेतून प्रतिजैविक शक्यतो एका तासाच्या आत मिळावे, असा दंडक आहे.

काही औषधे न्यूट्रोफिल एकाएकी घटवू शकतात. थायरॉइडचे कार्य वाढल्यावर दिली जाणारी कार्बिमाझोल, तीव्र मनोविकारासाठीची क्लोझापिन, सांधेदुखीसाठीची मेथोट्रेक्झेट ही त्यांची उदाहरणे होत. ही औषधे आवश्यक व उपयुक्त आहेत. भीतीपोटी ती बंद करू नयेत. परंतु ती घेणाऱ्यास ताप, घसा दुखणे किंवा तोंडात व्रण उद्भवल्यास पुढील गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांशी संपर्क साधावा व त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

डेंग्यूच्या रुग्णात पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, रक्तस्राव, अस्वस्थता किंवा सुस्ती दिसल्यास रुग्णालयात दाखल व्हावे. हा धोका बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास येतो. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नये.

काचपट्टीच्या मर्यादा

काचपट्टीवर निर्दोष चित्र दिसले म्हणजे सर्व आजार नाकारले गेले, असे होत नाही. पेशी वारंवार कमी येत असतील, तर डॉक्टर जीवनसत्त्वांची पातळी, एच. आय. व्ही., थायरॉइड, यकृत, सोनोग्राफी व आवश्यकतेनुसार अस्थिमज्जेची तपासणी सुचवितात. अस्थिमज्जेची तपासणी सुचविली म्हणजे कर्करोगच निघाला, असे समजू नये. कारण नेमके शोधणे हाच तिचा हेतू असतो. तसेच काचपट्टीचे मोल ती वाचणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असते. शंका असेल तेव्हा दुसऱ्या तज्ज्ञास ती दाखविण्याची विनंती करणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्यात कोणाचाही अवमान नाही.

घरच्यांनी करावयाच्या गोष्टी

सर्व जुने अहवाल तारखेच्या क्रमाने एका पाकिटात ठेवावेत व प्रत्येक भेटीस सोबत न्यावेत. चालू असलेल्या सर्व औषधांची नावे सांगावीत; त्यांत आयुर्वेदिक, होमिओपॅथिक व घरगुती औषधेही आली. निदान होण्यापूर्वी मनाने प्रतिजैविके किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नयेत. स्टेरॉइडमुळे काही प्रकारच्या रक्तकर्करोगाचे चित्र तात्पुरते पुसले जाते व निदान लांबते. डेंग्यूची शंका असता ॲस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळावे. पेशी ‘वाढविणाऱ्या’ रसांवर किंवा चूर्णांवर विसंबून तपासणी पुढे ढकलू नये. न्यूट्रोफिल फार कमी असलेल्या व्यक्तीच्या घरी सर्वांनी साबणाने हात धुवावेत, ताजे शिजविलेले अन्न द्यावे, व सर्दी-ताप असलेल्यांनी तिच्या निकट जाऊ नये.

डॉक्टरांना व प्रयोगशाळेला पुढील चार प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत : न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या किती आहे? यंत्राने काही सूचना दिली आहे काय? काचपट्टी कोणी पाहिली आहे काय, व त्यात काय आढळले? पुन्हा तपासणी केव्हा करावी, आणि त्याआधी कोणत्या लक्षणावर तातडीने यावे?

राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत २०१५ पासून सार्वजनिक आरोग्य केंद्रांत मोफत निदान सेवा उपक्रम राबविला जातो. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात याबाबत चौकशी करावी. तेथे लेप वाचण्याची सोय नसल्यास उपजिल्हा वा जिल्हा रुग्णालयाकडे संदर्भचिठ्ठी मागून घ्यावी. आशा कार्यकर्त्या याकामी मार्गदर्शन करतात. मोठ्या उपचारांची वेळ आल्यास आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबांना संलग्न रुग्णालयांत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण उपलब्ध आहे.

बंधू-भगिनींनो, अहवालातील कमी आकडा हा निकाल नव्हे, तो एक प्रश्न आहे. त्याचे उत्तर पुष्कळदा काही आठवड्यांनी केलेल्या दुसऱ्या मोजणीत मिळते, कधी काचपट्टीवर मिळते, आणि क्वचित ते तातडीने रुग्णालयात शोधावे लागते. यांपैकी आपली वेळ कोणती, हे डॉक्टरांना विचारून त्याच दिवशी ठरवावे. आपल्या घरात असा अहवाल असेल, तर आजच तो बाहेर काढावा, न्यूट्रोफिलची संख्या काढून पाहावी, आणि काचपट्टी पाहिली गेली आहे की नाही याची खात्री करून घ्यावी.